विरजणाचं निमित्त

आमच्याकडं आषाढात दही लागत नाही. दूध कोमट केलं, बोटानं ऊब बघितली, चमचाभर विरजण घातलं, भांडं जुन्या वाकळेच्या तुकड्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं, तरी सकाळी झाकण काढावं तर दूध जसंच्या तसं. राधानगरीचा पाऊस एकदा बसला की बसला. दाजीपूरच्या जंगलावरून ढग उतरतात ते थेट परड्यापर्यंत येतात. भिंती घामेजतात, काड्यापेटी ओढून ओढून पेटत नाही, दोरीवरच्या लुगड्यांना धुराचा वास लागतो. अशा दिवसांत दह्यासाठी शेजारी जावं लागतं. वाटी पदराखाली धरायची, दोन घरं ओलांडायची, दारातूनच विचारायचं, “विरजण हाय का वो?” यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पैसे मागताना मान खाली जाते. विरजण मागताना जात नाही.

फक्त एक पथ्य असतं. तिन्हीसांजेला विरजण मागायचं नाही आणि कुणी मागितलं तर द्यायचं नाही. मीठ नाही, दूध नाही, दही नाही. दिवा लागला की घरातलं पांढरं बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं माझी सासू सांगायची. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. गावातल्या पोरीबाळींनाही हे ठाऊक असतं.

आणि तरी ती तिन्हीसांजेला आली होती. वीस-बावीस वर्षं झाली. भावकीतलीच सून, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. अंगावर प्लॅस्टिकची खोळ, हातात पितळी वाटी. गावातली वीज गेलेली. मी कंदील घेऊन दारात गेले. वाटी पुढं करताना तिची बाही वर सरली आणि दंडावर जांभळं दिसलं. चार बोटांचं. मी बघितलं आणि मी बघितलं हे तिनंही बघितलं.

“गोठ्यात घसरलो, आक्का,” ती म्हणाली.

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. आलो, गेलो, बसलो, घसरलो. परगावच्या माणसाला ऐकून नवल वाटतं. बोलीनं बाईला पुरुषाचं क्रियापद दिलं. पण त्या रात्री त्या शब्दाखाली काय झाकलं होतं ते मला कंदिलाच्या उजेडातही दिसलं. घसरलेल्या माणसाच्या दंडावर चार बोटं उमटत नाहीत.

मी काय केलं? विरजण दिलं. तिन्हीसांज होती तरी दिलं, कारण तिनं लवकर जावं असं मला वाटत होतं. ती मात्र हलली नाही. वाटी घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. पागोळ्या तिच्या खोळीवर पडत होत्या. मग मी ते वाक्य बोलले. माझ्या आईनं मला सांगितलेलं आणि तिच्या आईनं तिला सांगितलेलं. “थोडं सोसावं लागतं गं. होतंय सगळं नीट.” ती “व्हय” म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती माझ्याकडं विरजण मागायला कधीही आली नाही.

मी शाळेत शिकवत होते. पोरांना निबंध लिहायला लावत होते, सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषण करत होते. आणि माझ्या उंबऱ्याशी एक बाई बोलायला आली, तेव्हा मी तिला विरजण देऊन परत पाठवली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

*

माझ्या आजीच्या घरी जातं होतं. पहाटे दोघीजणी समोरासमोर बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात. बाकी घर झोपलेलं. दगडाची घरघर एवढी की बाजूच्या खोलीतल्या पुरुषाला शब्द ऐकू जायचे नाहीत, फक्त सूर जायचा. मी वाकळेत गुरफटून ऐकायचे. सासरच्या वाटेवरचे काटे, न आलेला भाऊ, चटके देणारा हात असं सगळं त्यात यायचं, पण कुणाचंही नाव यायचं नाही. लहानपणी मला वाटायचं की ही देवाची गाणी आहेत. काही होतीच. बाकीची फिर्याद होती, हे मोठेपणी कळलं.

गी पोयटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. त्या संग्रहाचा विचार करते तेव्हा मला आधी त्यातलं काव्य आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की लाखभर वेळा कुणीतरी काहीतरी सांगितलं, आणि ते सांगायला तिला दळणाचं निमित्त लागलं. नुसतं बसून बाई बोलली असती तर घरानं विचारलं असतं, काम नाही का तुला? हात खुंट्याला असले की तोंड मोकळं होतं.

जातं एकटं नव्हतं. भोगावतीचा पाणवठा होता. भाताची रोपलावण होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरलं, आणि एकीनं सुरुवात केली की ओळीनं पुढं सरकणारं बोलणं. उसातली, भाताची भांगलण होती. पैऱ्यानं आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. पंचमीला झोपाळे होते, गौरीच्या जागराला झिम्मा-फुगडी होती. त्या रात्री सासूच्या देखत सासूचं गाणं म्हणायची मुभा असायची, सासूही हसायची. हसून दुसऱ्या दिवशी पुन्हा सासू व्हायची.

या जागांना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. पाणवठ्यावर बोललेलं सांजेला घरी पोचायचं आणि रात्री त्याचा हिशेब व्हायचा. पाणवठेही एक नव्हते. दलित बायकांचा खालच्या अंगाला असायचा. ज्या पाण्याशी बाई मोकळी होते ते पाणीसुद्धा आम्ही वाटून घेतलं होतं. आणि जात्यावर गाऊन मन हलकं व्हायचं, पण मारणारा हात थांबायचा नाही. पीठ व्हायचं ते जोंधळ्याचं. दुःख दुसऱ्या दिवशी पुन्हा आख्खं असायचं.

तरी जागा होत्या. आता मोजायला बसले तर एकेक हातातून गेलेली दिसते. गिरणी आली, जातं परड्यात पालथं पडलं. नळ आले, पाणवठा ओस पडला. तणनाशक आलं, भांगलणीच्या टोळ्या कमी झाल्या. या सगळ्यानं बाईच्या कमरेचं ओझं उतरलं, त्याबद्दल माझी जराही तक्रार नाही. हंडे वाहून ज्यांचं कंबरडं मोडलं त्यांना पाणवठ्याचं कौतुक सांगू नये. पण ओझ्याबरोबर शेजारीणही गेली. आता प्रत्येकीच्या घरात नळ आहे, गॅस आहे, मोबाइल आहे, आणि तो मोबाइल रात्री नवरा तपासतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण जुनी. दाबणारे हात मात्र नवे आले.

*

आमच्या गावाचं नाव एका लेकीचं आहे. धरण बांधायला घेतलं तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी जलाशयाला राणीचं नाव दिलं, महाराणी लक्ष्मीबाई तलाव, आणि वसवलेल्या गावाला कन्येचं, राधाबाईंचं. आक्कासाहेब म्हणत त्यांना. देवासच्या राजघराण्यात १९०८ साली त्यांचं लग्न झालं. संसार सुखाचा झाला नाही आणि त्या माहेरी कोल्हापूरला परत आल्या. शाळेत आम्ही पोरांना धरणाची उंची-लांबी शिकवली, ज्या लेकीचं नाव गावाला आहे तिचं आयुष्य शिकवलं नाही. मलाही ते उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी एसटीच्या पाटीवरचं ‘राधानगरी’ मी पुन्हा एकदा सावकाश वाचलं.

त्याच बापानं १९१९ साली करवीर संस्थानात कायदा केला. घरातल्या बाईला क्रूरपणे वागवणं हा गुन्हा ठरवला, त्याला तुरुंग आणि दंड ठेवला. स्वतंत्र भारताच्या दंड विधानात नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाचं ४९८-अ हे कलम यायला १९८३ साल उजाडलं. म्हणजे आमच्या संस्थानानं चौसष्ट वर्षं आधी हे कागदावर आणलं होतं. महाराजांचे पुत्र राजपुत्र शिवाजी १९१८ साली गेले, तेव्हा मागं राहिलेल्या त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अजून वयात यायच्या होत्या. घरच्यांचा विरोध पत्करून महाराजांनी त्या विधवा सुनेला सोनतळीला शिकवायला सुरुवात केली. परत आलेली लेक, कोवळी विधवा सून आणि १९१९चा कायदा, या तिन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बघते. राजवाड्यातसुद्धा बाईला परत यायला जागा लागली, हे मला त्यात दिसतं. पण प्रत्येकीचा बाप छत्रपती नसतो. बहुतेकींच्या बापानं दिल्या घरी सुखी राहा म्हणून पाठवणी केलेली असते, आणि त्या वाक्यात परतीची वाट नसते.

म्हणून महाराष्ट्रात काही माणसांनी माहेराबाहेर माहेर बांधलं. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथं गुपचूप बाळंत होता यायचं. ‘गुपचूप’ हा शब्द मला त्या कामात फार मोठा वाटतो. आधी आडोसा दिला. उपदेश केला नाही. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. शंभरेक वर्षांनी हाच धागा पुन्हा वर आला. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडून दिलं. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, हे त्यातलं एक कारण. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला.

खूण दिसली नाही म्हणून तिचं खरं धरलं नाही. माझ्या दारातलीच्या दंडावर तर खूण होती. ती बघूनही मी काय केलं?

१९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. त्या धक्क्यातून विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणी एकत्र आल्या, नारी समता मंच उभा राहिला, ‘मी एक मंजुश्री’ नावाचं पोस्टर-प्रदर्शन गावोगाव फिरलं. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका तिथंच थांबून आपलं सांगू लागल्या. मग त्या बोलण्याला बसायला जागा हवी झाली, आणि मंचाचं केंद्र निघालं. नाव ‘बोलते व्हा’. या नावात हुकूम नाही, कणव नाही, आमंत्रण आहे. विद्याताई ३० जानेवारी २०२० रोजी गेल्या. ही दोन शब्दांची हाक मला अजून ऐकू येते.

आमच्या दक्षिण महाराष्ट्रात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी परित्यक्तांना एकत्र बसवलं. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या आणि तरुणपणीच नवऱ्याचा खून सोसलेल्या या बाईनं स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून टाकलेल्या बायकांचं दुःख रेशनकार्डाच्या आणि जमिनीच्या मागणीपर्यंत नेलं. गुजरातेत बडोदा जिल्ह्यात महिला सामाख्या या कार्यक्रमानं १९९५ पासून नारी अदालत भरवली. तालुक्याच्या कचेरीशेजारी खेड्यातल्याच बायका बसायच्या, दोन्ही बाजू ऐकायच्या, वाट काढायच्या. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली थेट पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. खाकीच्या दारातच कुणीतरी पाणी देऊन “बसा” म्हणणारं असावं, ही त्यामागची समज.

*

आज कायदा आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मार आहे, शिवी आहे, पैशाची कोंडी आहे, आणि राहत्या घरातून बाईला काढता येणार नाही हेही आहे. संरक्षण अधिकारी आहेत. १८१ हा महिलांसाठीचा फोन आहे, ११२ पोलिसांचा. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरं आहेत. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. हे सगळं मी पाठ केलंय आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २१ ची, सांगते की महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर चार बायकांमागं एकीनं नवऱ्याचा हिंसाचार सोसलेला आहे. आणि देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभरातल्या सत्त्याहत्तर जणींनी कधी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मी हा आकडा वाचला तेव्हा मला सत्त्याहत्तर दिसले नाहीत, पितळी वाटी दिसली. कारण ती सत्त्याहत्तरांतली होती. तिला तिथं मी ठेवलं होतं.

कोल्हापूर आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. नकाशावर काहीच नाही. पण धनगरवाड्यातल्या बाईला खाली उतरून रस्त्याला यायचं, एसटी धरायची, शहरात पत्ता विचारायचा, आणि सांजेला म्हशीच्या धारेच्या आत परतायचं. दिवसभर कुठं होतीस, याला उत्तर काय? डेअरीला दूध घालायला जाते हे उत्तर चालतं. बचत गटाची बैठक आहे हे चालतं. मला मारतात हे सांगायला गेलो होतो, हे उत्तर कुठल्या घरात चालतं? कचेरीचं दार उघडं असून भागत नाही. घरातून निघायला निमित्त लागतं. जी गोष्ट माझ्या आजीच्या जात्याला ठाऊक होती ती आपल्या योजनांना अजून नीट उमगलेली नाही.

*

निवृत्त झाल्यावर मी वाकळ शिवायला घेतली. सासूची लुगडी ट्रंकेत पडून होती, कुजण्यापेक्षा अंगावर यावीत म्हणून. वाकळ एकटीनं होत नाही. लुगड्यांचे थर अंथरून ताणून धरायला चार हात लागतात, चारी कडांनी बसून आत आत टाके घालत यायचं असतं. मी शेजारणींना बोलावलं. मंगळवारी दुपारी, जेवणं झाली की, मागच्या पडवीत. पुरुष रानात किंवा पारावर. कुठं चाललीस? आक्काच्यात, वाकळ शिवायला. या उत्तराला कुणी हरकत घेतली नाही.

पहिले चार मंगळवार कुणीही काही बोललं नाही. म्हणजे खूप बोललो. दुधाचा फॅट, पोरीचा बारावीचा निकाल, उसाचं बिल, भातात उतरलेले गवे. पाचव्या मंगळवारी एक साठीची बाई सुई थांबवून म्हणाली, “माझ्या डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. तीस वर्षं झाली. जन्मापासनं हाय म्हणून सांगत आलोय.” कुणी मान वर केली नाही. सगळ्यांचे टाके चालूच राहिले. तिच्या डाव्या बाजूला बसलेली उठली आणि मुकाट्यानं उजव्या बाजूला येऊन बसली. त्या दुपारी त्याहून जास्त काही झालं नाही. माझ्या आयुष्यात मी याहून चांगलं उत्तर ऐकलेलं नाही.

तेव्हापासून आमचे काही नेम ठरत गेले. कुणी लिहिले नाहीत, चुकत चुकत बसले. इथं ऐकलेलं नवऱ्याच्यासुद्धा कानावर घालायचं नाही. सांगणारीला ‘तू काय केलं होतंस’ असं विचारायचं नाही. ‘सोस’ म्हणायचं नाही, आणि ‘सोडून ये’ हेही पटकन म्हणायचं नाही, कारण सोडून आल्यावर रात्री कुठं निजायचं हे म्हणणारीला ठाऊक नसतं. जी बोलणार नाही तिनं टाके घालावेत, तिच्या गप्प राहण्याला कुणी हात लावायचा नाही. पोलिसात जायचं ठरलं तर तिच्याबरोबर दोघींनी जायचं, एकटीनं नाही. आणि लेकराच्या अंगाला कुणी हात लावला असं कळलं तर गुपित तिथंच संपलं. २०१२च्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारकच केलंय, आणि कायदा नसता तरी आम्ही कळवलं असतं.

हे नेम मला विरजणानं शिकवले. दूध फार तापलेलं असलं तर विरजण मरतं. गार असलं तर लागत नाही. बोटाला सोसेल एवढीच ऊब हवी. ऐकणाऱ्या बाईचा संताप उसळला तर सांगणारी घाबरून मागं सरते. थंडपणानं ऐकलं तर ती पुन्हा येत नाही. आणि विरजण घातलं की भांडं हलवायचं नसतं. झालं का, लागलं का, म्हणून दर घटकेला झाकण काढायचं नसतं. ज्या दिवशी बाई बोलते त्या दिवशी तिला हलवू नये. प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारता येतात.

एकदा बौद्धवाड्यातली एक बाई आली आणि पडवीच्या पायरीवर बसली. आत ये म्हटलं तर म्हणाली, “असू द्या, मी हितंच बरा.” क्षणभर आम्ही सगळ्या थिजलो. ज्या पडवीला मी निवाऱ्याची जागा समजत होते तिची पायरी कुणासाठी किती उंच आहे, हे मला त्या एका वाक्यानं दाखवलं. मग आम्ही अख्खी वाकळ ओढून पायरीपर्यंत नेली आणि तिच्या भोवतीनं बसलो. तिसऱ्या मंगळवारी ती आपणहून आत आली. पायरीवरचे ते दोन मंगळवार मी विसरणार नाही.

आणि मग ती आली. पितळी वाटीवाली. आता चाळिशी ओलांडलेली, लेक कॉलेजात. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, सुई मागितली. तीन मंगळवार नुसते टाके घातले, बारीक, सरळ, एका मापाचे. चौथ्या दिवशी बाकीच्या उठल्यावर मागं राहिली. मी म्हणाले, “त्या रात्री मी तुला बस म्हणायला पाहिजे होतं.” ती बराच वेळ दोरा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “मला सोडवा म्हणून आलो नव्हतो, आक्का. कुणीतरी वाईच बस म्हणावं म्हणून आलो हुतो.” पुढं तिनं जे सांगितलं ते पडवीतलं आहे. ते तिथंच राहील.

*

दर पावसाळ्यात एक दिवस असा येतो की सगळा जिल्हा आमच्या धरणाकडं कान लावून बसतो. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ८.३६ टीएमसीचं धरण काठोकाठ भरलं की ते उघडायला कुणी माणूस बटण दाबत नाही. पाणी ठरल्या पातळीला पोचतं आणि पाण्याच्याच भारानं दार वर उचललं जातं. रात्री-अपरात्री त्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. भोगावतीकाठच्या गावांना सावध राहायला सांगतात. दार उघडलं म्हणून पाण्याला कुणी बेशरम म्हणत नाही. दार उघडलं म्हणून धरण टिकलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही समजतं.

बाई बोलली की मात्र घर बुडालं म्हणतात. खरं तर बोललेलं वाहून जायला पात्र लागतं. ते नसलं तर पाणी एक तर भिंत फोडतं, नाही तर आतल्या आत कुजतं. विहिरीवर सापडलेल्या चपला, ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून नोंदलेलं मरण, घरात औषध प्यायलेल्या सुना या सगळ्या दार न सापडलेल्या पाण्याच्या गोष्टी आहेत.

म्हणून मला माझ्या गावाकडून, तालुक्याकडून काही हवं आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असा आपल्या राज्याचा नियम आहे. अनेक ठिकाणी ती सह्यांपुरती होते. ती खरी भरवा, आणि त्या दिवशी पुरुषांनी ग्रामपंचायतीच्या दारात उभं राहू नये. याच जिल्ह्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ रोजी, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. म्हणजे गावाच्या ठरावात केवढी ताकद असते ते आपणच दाखवलंय. तसाच एक ठराव करा, की गावात एक खोली आठवड्यातून एक दुपार बायकांची असेल. अंगणवाडीची असेल, समाजमंदिराची असेल, देवळाच्या ओवरीची असेल. तिथं काय बोललं गेलं हे कुणी विचारणार नाही. भिंतीवर १८१ आणि ११२ मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतील. आणि त्या खोलीची पायरी कुणालाही उंच वाटणार नाही.

तोवर पडव्या आहेत. ओसऱ्या आहेत. तुमचंही दार आहे.

एखाद्या दिवशी तिन्हीसांजेला कुणीतरी वाटी घेऊन येईल. या वेळी विरजण देत नाहीत हे तिलाही माहीत असेल. वाटी हातात पडल्यावरही ती लगेच निघाली नाही, तर पावसाचं, अंधाराचं, चुलीवरच्या भाताचं काही काढू नका. कंदील खाली ठेवा आणि तिला एवढंच म्हणा, “बस जरा.”